मुंबईत विजेची ट्राम यायला १९०७ का उजाडावे लागले?

बोरीबंदर
मद्रास शहरात विजेची ट्राम ७ मे १८९५ रोजी सुरू झाली. मुंबईत ती ७ मे १९०७ रोजी, महापालिका कार्यालयापासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. दिवस तोच आणि मध्ये अख्खे एक तप. कलकत्त्यातही १९०२ मध्येच एस्प्लनेड ते खिदिरपूर मार्गावर विजेची ट्राम आली होती.

मला हे कोडे अनेक वर्षे छळते आहे, कारण मुंबई ट्रामच्या बाबतीत मागासलेली मुळीच नव्हती. ९ मे १८७४ पासून येथे घोड्यांच्या ट्राम कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर धावत होत्या. गिरण्यांमुळे शहरात पैसा होता, रोज कामावर जाणारे हजारो लोक होते आणि यंत्रे जाणणारी माणसेही होती. मग विजेच्या बाबतीत हे शहर इतके मागे का राहिले? १८९६ मध्ये आलेली प्लेगची साथ हेच मुख्य कारण असावे, असे मला वाटते. जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

गिरगावची_गल्ली
प्लेग हे कारण पटण्यासारखे आहे. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. साथीच्या पहिल्या वर्षांत लोक गावाकडे निघून जात होते. ज्या शहरातून उतारूच निघून जात आहेत, तेथे नव्या गाड्यांवर पैसे कोण लावेल?

तांबटआळी
घोड्यांचे काय? मुंबईची घोड्यांची ट्राम चालवणाऱ्या स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या तबेल्यात नऊशे घोडे होते, असे सांगितले जाते. एवढा पसारा कोणती कंपनी सहजासहजी मोडीत काढील?

निवृत्त_अभियंता
तांबटआळी, घोड्यांचा हिशेब माझ्या मते नेमका उलट दिशेने जातो. ट्रामचा घोडा दिवसातून काही तासच काम करू शकतो. त्यामुळे एक गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत चालवायची, तर घोड्यांच्या अनेक जोड्या हाताशी ठेवाव्या लागतात. घोडा कामावर असो वा नसो, त्याला दाणावैरण लागतेच. शिवाय मोतद्दार, नालबंद, तबेल्याची जागा आणि काही वर्षांनी थकलेला घोडा बदलण्याचा खर्च असतोच. १८७२ मध्ये अमेरिकेत घोड्यांमध्ये तापाची साथ पसरली, तेव्हा अनेक शहरांतील ट्राम ठप्प झाल्या होत्या. म्हणूनच घोडे बाळगणारी प्रत्येक कंपनी सुटकेचा मार्ग शोधत होती.

तो मार्ग व्यवहारात चालतो, हे १८८८ मध्ये सिद्ध झाले. बर्लिनजवळच्या लिख्टरफेल्डे येथे सीमेन्सची विजेची ट्राम १८८१ पासून होती, पण अनेक गाड्यांचे, चढउतारांचे, गावभर पसरलेले जाळे विजेवर चालू शकते हे व्हर्जिनियातील रिचमंड या मध्यम आकाराच्या शहराने दाखवून दिले. फ्रँक स्प्रेग नावाच्या तरुण अभियंत्याने बारा मैलांचा मार्ग, चाळीस गाड्या आणि त्यांना पुरेल एवढे वीजकेंद्र उभारण्याचा करार केला, तेव्हा यांतील बहुतेक गोष्टी कागदावरच होत्या. तेथे दहा टक्क्यांपर्यंतचे चढ होते, म्हणजे शंभर फूट पुढे जाताना दहा फूट वर.

चढाची पहिली चाचणी त्याने रात्री घेतली. गाडी टेकडी चढून वर पोहोचली, पण मोटारी बिघडल्या. भोवती बघ्यांची गर्दी होती. स्प्रेगने सहकाऱ्याला मोठ्याने सांगितले की दोष किरकोळ आहे, काही उपकरणे घेऊन ये. मग दिवे मालवून तो गर्दी पांगेपर्यंत गाडीतच थांबून राहिला आणि नंतर ती ‘उपकरणे’ आली, ती म्हणजे चार धष्टपुष्ट खेचरे. हा प्रसंग त्याने स्वतःच पुढे सांगितलेला आहे. पण त्याने चिकाटी सोडली नाही. मोटारीचे एक टोक थेट आसावर आणि दुसरे स्प्रिंगवर टांगण्याची त्याची रचना टिकली, आणि २ फेब्रुवारी १८८८ रोजी नियमित सेवा सुरू झाली.

त्याच उन्हाळ्यात बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख हेन्री व्हिटनी पाहणीसाठी आले. एकाच ठिकाणी अनेक गाड्या एकदम निघाल्या तर वीज पुरेल का, ही त्यांची शंका होती. स्प्रेगने रात्री बावीस गाड्या एका रांगेत उभ्या केल्या आणि एकामागोमाग एक सोडल्या. विजेचा दाब कमालीचा उतरला, दिवे मंदावले, पण सगळ्या गाड्या निघाल्या. हजारो घोडे बाळगणाऱ्या बॉस्टनने त्यानंतर विजेचा निर्णय घेतला. म्हणजे १८९० नंतर ‘तंत्र अजून तयार नव्हते’ असे मुंबईच्या बाबतीत म्हणता येत नाही.

रुळावरचा_प्रवासी
अभियंतासाहेब, फार सुंदर लिहिलेत. एक प्राथमिक शंका आहे. घरात विजेला दोन तारा लागतात, मग ट्रामच्या डोक्यावर एकच तार कशी पुरते?

निवृत्त_अभियंता
दुसरी तार म्हणजे पायाखालचे रूळ. गाडीच्या छपरावरचा दांडा वरच्या तारेतून वीज घेतो, ती मोटारीतून जाते आणि चाकांवाटे रुळांतून केंद्राकडे परतते. म्हणूनच रुळांचे सांधे तांब्याच्या पट्ट्यांनी जोडावे लागतात. सांधे नीट नसतील, तर वीज जमिनीतून आणि पाण्याच्या किंवा गॅसच्या लोखंडी नळांतून वाट काढते आणि ते नळ कालांतराने झिजतात. घोड्यांच्या ट्रामचे हलके रूळ जसेच्या तसे वापरता येत नाहीत, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण गाडीचे वजन. मुंबईची ट्राम कंपनी १८९९ मध्ये विजेच्या ट्रामसाठी अर्ज करताना गुंतवणूक मोठी आहे असे म्हणत होती, तेव्हा तिच्यापुढे हा सारा खर्च होता: नवे रूळ, खांब, तारा, गाड्या आणि वीजकेंद्र.

मायलापूरकर
मी गेली अनेक वर्षे चेन्नईत राहतो, म्हणून मद्रासबद्दल थोडे लिहितो. मद्रासने आरंभी डोक्यावरची तार घेतलीच नव्हती. तेथे रस्त्याच्या पोटात खाच ठेवून त्यातून विजेचा वाहक नेला होता, आणि गाडीखालचा एक हात त्या खाचेत उतरून वीज घेत असे. रस्त्यावर तारांचे जंजाळ नको म्हणून वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातही हीच पद्धत होती. पण मद्रासच्या पावसाळ्यात त्या खाचेत पाणी शिरून फार नुकसान झाले आणि अखेर डोक्यावरच्या तारेकडे वळावे लागले. मुंबईने १८९५ मध्ये घाई करून तीच पद्धत उचलली असती, तर आषाढात काय झाले असते याची कल्पना प्रत्येक मुंबईकराला करता येईल! उशिराचा हा एक फायदा तरी आपण मान्य करायला हवा.

बोरीबंदर
मायलापूरकर, हा तपशील फार मोलाचा आहे. मात्र मुंबईचा उशीर मद्रासचा अनुभव पाहून जाणूनबुजून केलेला होता, असे त्यावरून ठरत नाही. माझा प्रश्न तसाच उरतो.

गिरणगाव
महापालिका विजेबाबत सावध होती, हे लक्षात घ्यावे लागेल. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. ते काम ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने घेतले होते. पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले होते, ते लोक पुढच्या वीस वर्षांत विजेच्या प्रत्येक प्रस्तावाकडे दहा वेळा तपासूनच पाहणार. पंचवीस वर्षांनी पहिली विजेची ट्राम त्याच मंडईपर्यंत आली, याचे मला फार अप्रूप वाटते.

अर्थविचार
एका गोष्टीकडे अजून कोणी लक्ष वेधलेले नाही, ती म्हणजे रुपयाचा भाव. विजेची यंत्रे पौंडांत विकत घ्यायची आणि उतारूंकडून आणे गोळा करायचे, असा हा धंदा होता. १८७० च्या दशकाच्या आरंभी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया चांदीचे भाव कोसळल्याने १८९० च्या दशकाच्या मध्यास सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला. पौंडांत कर्ज काढणाऱ्याला फेड दरवर्षी महाग पडत जात होती. १८९८-९९ च्या सुमारास रुपया सोळा पेन्सांवर स्थिर झाला, आणि मुंबईच्या ट्राम कंपनीने विजेसाठी अर्ज केला तो १८९९ मध्ये. या दोन गोष्टींचा संबंध असावा, असा माझा तर्क आहे.

मायलापूरकर
अर्थविचार, तर्क चांगला आहे, पण मद्रासचा रुपया मुंबईच्या रुपयाहून वेगळा नव्हता. तेथे नेमक्या त्याच पडत्या काळात ट्राम उभी राहिली.

अर्थविचार
मान्य. म्हणून मी त्याला एकमेव कारण म्हणत नाही. मद्रासमध्ये नवी कंपनी कोऱ्या पाटीवर उभी राहत होती. मुंबईत मात्र चालता धंदा, चालते उत्पन्न आणि वाहते घोडे होते. ज्याचे आज बरे चालले आहे, तो वाईट भावात कर्ज काढायला सहसा धजत नाही.

दस्तऐवज
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे उत्तर माझ्या मते प्लेगमध्ये, घोड्यांमध्ये किंवा रुपयात नसून करारात आहे.

१८७४ च्या कायद्याने कंपनीला ट्राम चालवण्याचा परवाना दिला, पण ठरावीक मुदतीनंतर ती ट्राम विकत घेण्याचा हक्क महापालिकेकडे राहिला. तो हक्क १९०१ मध्ये बजावता येणार होता. आता कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १८९० उजाडले आहे, रिचमंड आणि बॉस्टनच्या बातम्या येत आहेत, पण अकरा वर्षांनी ट्राम आपल्या हातून जाऊ शकते. आज प्रचंड भांडवल ओतले तर ते वसूल व्हायच्या आत महापालिका दारात उभी राहील. अशा वेळी कोणीही घोड्यांवरच दिवस काढील.

इंग्लंडमध्येही हेच घडले. तेथील १८७० च्या ट्राम कायद्यात एकवीस वर्षांनी स्थानिक संस्थेला ट्राम विकत घेण्याची मुभा होती. १८९४ मध्ये लंडनच्या ट्रामच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाने) निर्णय दिला की किंमत फक्त रूळ, गाड्या, इमारती यांची द्यायची आणि चालत्या धंद्याच्या नफ्याची नाही. त्यामुळे मुदत जवळ आलेल्या कंपन्या सुधारणेवर खर्च करायला नाखूश असत. अमेरिकेतील शहरे विजेवर जात असताना इंग्लंडमधील अनेक शहरे घोड्यांवरच राहिली, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

मुंबईच्या कंपनीने १८९९ मध्ये अर्ज केला, तेव्हा तिने नेमकी हीच अट पुढे केली: आम्ही विजेवर खर्च करतो, पण १९०१ चा विकत घेण्याचा हक्क तुम्ही सोडून द्या. महापालिकेने हक्क सोडला नाही. उलट तो बजावायचे ठरवले आणि त्यातून कायदेशीर अडचणींची मालिका सुरू झाली. बोरीबंदर यांच्या प्लेगच्या मताला येथेच उत्तर मिळते, असे मला वाटते. १८९९ मध्ये प्लेग शहरात ठाण मांडून होता, तरीही कंपनी विजेसाठी अर्ज करत होती. म्हणजे उतारू परत येतील याबद्दल तिला शंका नव्हती. तिला शंका होती ती मालकी टिकण्याबद्दल.

गिरगावची_गल्ली
दस्तऐवज, आपला प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टी उलगडल्या. तरी प्लेगचा वाटा अगदीच पुसून टाकू नये. प्लेगमुळेच १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून नवे रुंद रस्ते काढण्याची कामे सुरू झाली. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट ही त्याचीच फळे. जे रस्ते आज ना उद्या खणले जाणार, त्या शहरात रूळ कोठून न्यायचे हा प्रश्न महापालिकेलाही पडला असणारच.

नाशिकरोड
आमच्या नाशिकातही १८८९ पासून शहर ते नाशिकरोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम होती. ती पुढे पेट्रोलच्या इंजिनावर गेली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. विजेवर ती कधीच गेली नाही. मोठ्या शहराबाहेर विजेची ट्राम का रुजली नाही, याचाही विचार व्हावा.

निवृत्त_अभियंता
नाशिकरोड, याचे उत्तर वीजकेंद्रात आहे. ट्रामसाठी स्वतंत्र केंद्र उभारायचे, तर ते दिवसभर कामात राहिले पाहिजे. लहान गावातल्या मोजक्या फेऱ्यांवर तो खर्च निघत नाही. ट्राम सकाळी आणि संध्याकाळी सर्वाधिक वीज खाते, दिव्यांची गरज अंधार पडल्यावर असते आणि पंखे दुपारी चालतात. ही सगळी गिऱ्हाइके एकाच केंद्रावर आली, तरच युनिटचा खर्च उतरतो. म्हणून मुंबईत १९०५ मध्ये जी कंपनी स्थापन झाली, तिचे नावच बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी असे होते. वीजपुरवठा आणि ट्राम ही तिची दोन्ही अंगे होती. त्या वर्षी नोव्हेंबरात वाडीबंदरला केंद्र सुरू झाले. कोळसा उतरवण्यासाठी बंदर आणि रेल्वे दोन्ही शेजारी असलेली ती जागा होती. ट्रामचे ठरलेले, रोजचे गिऱ्हाईक हाताशी असल्यामुळेच या शहरातील घराघरांत वीज नेण्याचे धाडस करता आले, असे मी मानतो. मुंबईला खोपोलीची जलविद्युत मिळू लागली ती थेट १९१५ मध्ये.

दादर_पूर्व
आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना ट्रामबद्दल फार जिव्हाळा होता. त्यांच्या बोलण्यात खोदादाद सर्कल कधी आले नाही, नेहमी ‘दादर टीटी’च असे, म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचे शेवटचे ठाणे. आजही टॅक्सीवाल्याला तेच सांगितले तर तो बरोबर नेतो. सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, आणि वरच्या मजल्यावर खिडकीपाशी जागा मिळावी म्हणून मुले कशी धडपडत, हे मी त्यांच्याकडून पुष्कळ ऐकले आहे.

रुळावरचा_प्रवासी
तिकिटाचा दर काय असे, हेही कोणी सांगावे.

गिरणगाव
विजेच्या ट्रामच्या आरंभीचा दर मी येथे देत नाही, पण १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामचे भाडे तीन आणे होते आणि पुढे ते दोन आण्यांवर आणले गेले. विशेष म्हणजे तेव्हा तिकीटच दिले जात नसे. विनाभाडे बसणाऱ्यांची संख्या वाढल्यावर तिकिटे आली. त्या काळच्या मजुराच्या कमाईच्या मानाने तीन आणे ही चैनच होती. ट्राम सामान्य कष्टकऱ्याच्या आवाक्यात यायची, तर दर फेरीमागचा खर्च उतरायला हवा होता, आणि तो घोड्यांवर उतरणे शक्य नव्हते. म्हणून हा उशीर मला केवळ कागदोपत्री वाद वाटत नाही. जी बारा वर्षे गेली, त्यांत गिरणीतला माणूस पायीच चालत राहिला.

बोरीबंदर
गिरणगाव, हे आपण फार योग्य लिहिले. दस्तऐवज यांना एक प्रश्न. महापालिकेने १८९९ मध्ये विकत घेण्याचा हक्क सोडून दिला असता, तर विजेची ट्राम निदान पाच वर्षे आधी धावली असती. मग महापालिकेचा हट्ट नागरिकांच्या हिताविरुद्ध होता, असे म्हणायचे का?

दस्तऐवज
मी तसे म्हणणार नाही, आणि त्याचे कारण १९०५ च्या करारात आहे.

महापालिकेने हक्क सोडून दिला असता, तर शहराचे रस्ते एका खासगी कंपनीच्या हाती कायमचे गेले असते. त्याऐवजी तिने चर्चा लांबवली, स्वतः ट्राम चालवण्याचाही विचार करून पाहिला आणि शेवटी ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन या इंग्लंडमधील कंपनीच्या वतीने पुढे आलेल्या ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग कंपनीशी बोलणी केली. जुनी ट्राम कंपनी, महापालिका आणि ब्रश असा तिहेरी करार १९०५ मध्ये झाला. नव्या कंपनीला मक्ता मिळाला, पण कायमचा नव्हे. बेचाळीस वर्षांनी सगळा कारभार विकत घेण्याचा हक्क महापालिकेने राखून ठेवला. ही मुदत गुंतवणूकदाराला भांडवल वसूल करायला पुरेशी होती. विजेच्या बाबतीत इंग्लंडनेही तोच धडा घेतला होता. तेथे १८८२ च्या वीज कायद्यातील एकवीस वर्षांच्या मुदतीत कोणी भांडवल गुंतवेना, म्हणून १८८८ मध्ये ती बेचाळीस करण्यात आली होती.

१९०५ मध्ये बेचाळीस मिळवून पाहा. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ट्राम, बस आणि वीजपुरवठा यांसह सगळी कंपनी ताब्यात घेतली, ती याच हक्काने. स्वातंत्र्य एका आठवड्यावर आले होते म्हणून अनेकांना ती घटना राष्ट्रीयीकरणाचा भाग वाटते. प्रत्यक्षात तो कराराने ठरलेला व्यवहार होता.

गिरणगाव
तरीही माझे मत राखून ठेवतो. महापालिकेने हक्क राखला हे योग्य केले, पण बेचाळीस वर्षांची तडजोड १८९९ मध्येच सुचायला हरकत नव्हती. अकरा वर्षे आधीपासून इंग्लंडच्या कायद्यात ती समोर होती.

दस्तऐवज
या मुद्द्यावर मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. मुदत वाढवून देणे आणि हक्क सोडून देणे यांच्या मधली वाट दोन्ही बाजूंना १८९९ मध्ये दिसायला हवी होती. कंपनीने हक्क संपूर्ण सोडण्याची मागणी केली, महापालिकेने संपूर्ण ताबा मागितला आणि त्या ओढाताणीत शहराची सहा वर्षे गेली.

मायलापूरकर
चेन्नईची ट्राम १२ एप्रिल १९५३ रोजी बंद झाली. मुंबईची ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावली. म्हणजे जी बारा वर्षे उशिरा आली, ती बंदही अकरा वर्षे उशिराच झाली. यामागे महापालिकेची मालकी होती का, यासाठी बोरीबंदर यांनी स्वतंत्र धागा काढावा, अशी विनंती करतो. चेन्नईच्या बाजूची माहिती मी तेथे देईन.